बायकोचं इंग्रजी

सुरतजवळ हजीऱ्याच्या एका कारखान्यात मी ठेकेदाराकडे इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होतो, तेव्हाची गोष्ट. नवीन युनिट उभं राहत होतं आणि ते चालू करून द्यायला इंग्लंडहून एक इंजिनिअर आले होते. एकदा मी शिडीवर होतो आणि खालून ते ओरडले, ‘होल्ड ऑन.’ मी समोरचा पाइप दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि तसाच धरून राहिलो. त्यांना फक्त ‘जरा थांब’ म्हणायचं होतं. खाली उभे असलेले सगळे हसले. त्यात मला सगळ्यात जास्त लागलं ते आपल्या खानदेशच्या पोरांचं हसणं.

माझं इंग्रजी तसं कच्चं नव्हतं. धुळ्याला आयटीआय केलेलं, मॅन्युअल वाचून मशीन उघडायचो. लांबलचक शब्दांची मला भीती नव्हती, घात करायचे ते छोटे. पुट म्हणजे ठेवणे, हे शाळेपासून पाठ. पण पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे, पुट आउट म्हणजे विझवणे, आणि पुट अप विथ म्हणजे निमूट सहन करणे. यात ठेवण्याचा संबंध कुठे आला? त्यातच कंपनी काही जणांना सुपरवायझर म्हणून कायम करणार, आणि मुलाखत इंग्रजीत होणार, अशी बोलवा उठली.

सुरत शहरात, नानपुऱ्यात एक म्हाताऱ्या पारशी बाई घरीच इंग्रजी शिकवायच्या. मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी गुजरातीत विचारलं, घरी कोणाशी बोलणार? मी म्हणालो, कोणाशीच नाही. तर म्हणाल्या, एकटा माणूस भिंतीशी बोलतो का? बायकोला घेऊन ये.

माझी बायको अमळनेरची, बारावी झालेली. लग्न होऊन माझ्याकडे भेस्तानला आली त्याला तीन-चार वर्षं झाली होती. घरात आम्ही अहिराणी बोलायचो, दारात गुजराती आणि बाजारात हिंदी. चौथ्या भाषेची तिला काही गरज नव्हती. मी म्हटलं म्हणून ती आली. दर रविवारी सकाळी लुनावर आम्ही दोघं नानपुऱ्याला जायला लागलो. माझी आई आमच्याकडेच असायची, ती दारात उभी राहून बघायची आणि शेजारणीला सांगायची की आता सून मडम होणार.

बाईंची शिकवायची पद्धत वेगळी होती. फळा नाही, पाठांतर नाही. आल्याबरोबर म्हणायच्या, टेक ऑफ युअर चप्पल्स. मग कोणाला पंखा टर्न ऑन करायला लावायच्या, कोणाला रेडिओ टर्न डाउन करायला, म्हणजे बंद नाही, आवाज कमी. सांडलेला चहा वाइप अप, फुलदाणी पुट बॅक. माझ्यासारखे चार-पाच जण आधी मनात भाषांतर करायचे आणि मग उठायचे. बायको सांगितल्याबरोबर उठलेली असायची.

पहिल्या महिन्यात मला त्याचं कौतुकच वाटलं. मग वाटेनासं झालं. मी आठवडाभर गाइडमधून अर्थ घोकून जायचो आणि बाई तिच्याकडे बघून मान डोलवायच्या. ती चुकली की मला आतून गार वाटायचं. एकदा तिने पुट अप आणि पुट डाउनची अदलाबदल केली, तर त्या दिवशी मला घरची डाळही जास्त चवदार लागली.

घरीही तिचं चालूच. गॅस रन आउट झाला, ती म्हणाली. मला वाटलं बाहेर कुठे पळाला की काय. सिलेंडर संपला असं सरळ सांग, मी म्हणालो. ती म्हणाली, ‘सरळच सांगितलं.’

एका रविवारी परत येताना उधन्याच्या रेल्वे फाटकाला गाडी अडली. मी वैतागून म्हणालो, की या भाषेला नियमच नाही. गिव्ह म्हणजे देणे, तर गिव्ह अप म्हणजे सोडून देणे आणि गिव्ह इन म्हणजे हार मानणे, हे माणसाने कुठून काढायचं?

ती मागून म्हणाली, ‘आपल्यात काय वेगळं आहे? आई म्हणतात ना, खाई टाक. म्हणजे काय खाऊन फेकायचं असतं?’

मी लुना बंद केली.

‘उठी बस म्हणतो आपण. आता उठायचं का बसायचं? एकट्या टाकचा अर्थ कोणी काढत बसत नाही. दोन्ही शब्द जोडीने ऐकायचे.’

फाटक उघडलं. ती म्हणत होती ते खरं होतं. लहानपणापासून मी मरी गया, पडी ऱ्हा, करी टाक म्हणत आलो होतो, आणि ते तिला दिसलं, मला दिसलं नाही. पुढच्या रविवारी तिने हे बाईंना सांगितलं. बाईंनी चष्मा काढून ठेवला आणि तिला उभं करून सगळ्यांना समजावून सांगायला लावलं. इतकी वर्षं शिकवते, हे मला कोणी सांगितलं नाही, असं त्या म्हणाल्या. मी खिडकीतून खालच्या बेकरीकडे बघत बसलो. नानखटाईचा वास येत होता. एवढ्या साध्या गोष्टीसाठी एवढं कौतुक?

थंडीत युनिट चालू झालं आणि कंपनीने हिरवळीवर कुटुंबासकट जेवण ठेवलं. मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं की साहेब लोक काही बोलले तर हसायचं, बाकी मी बघतो. इंग्लंडचे इंजिनिअर हातात थाळी घेऊन आमच्याकडे आले आणि मला म्हणाले, ‘सो, हाउ आर यू गेटिंग ऑन?’

गेट ऑन म्हणजे वाहनात चढणे. हे मला पक्कं पाठ होतं. मी छाती काढून सांगितलं, की सर, कंपनीच्या बसने.

त्यांना कळेना. माझ्याकडे बघत राहिले. तेवढ्यात बायको इंग्रजीत म्हणाली, की त्यांचं छान चाललंय, सर, ते खूप मेहनत करतात. इंजिनिअर हसले आणि तिला विचारलं की तुम्ही इंग्रजी कुठे शिकलात. ती म्हणाली, ‘विथ हिम, सर. आय ॲम कॅचिंग अप.’ म्हणजे त्यांच्याबरोबरच शिकतेय, मागे पडले होते, आता त्यांना गाठतेय.

तिने माझी लाज राखली होती. तिथे उभे असलेले सगळे मात्र तिच्याकडेच बघत होते. इंजिनिअर तिच्याशी पुरणपोळीबद्दल बोलत राहिले आणि मी तिची थाळी धरून उभा. माझ्या सोबतचा एक जण जाताना खांद्यावर हात ठेवून म्हणाला, वहिनींना पाठव मुलाखतीला. तो थट्टेत म्हणाला. मला मात्र ते लागलं. परक्या माणसाचा हेवा करणं सोपं असतं, त्याच्यापासून उठून घरी तरी जाता येतं. इथे जिचा हेवा वाटत होता तीच लुनावर मागे बसून माझ्या खांद्याला धरून घरी येत होती, आणि थंडी वाजते म्हणून माझाच मफलर मागत होती.

त्यानंतर मी क्लासला जाणं सोडलं. शिफ्टचं कारण सांगितलं. मला वाटलं तीही थांबेल. ती थांबली नाही. भेस्तानहून रिक्षाने स्टेशन, तिथून बसने नानपुरा, अशी एकटी जायला लागली. आल्यावर काय शिकवलं ते मी विचारायचो नाही. पण ती भाकऱ्या थापता थापता तव्याशी बोलावं तसं बोलायची, आणि मी पेपर तोंडापुढे धरून शब्द न् शब्द ऐकायचो. कॅरी आउट म्हणजे पार पाडणे, लुक इंटू म्हणजे तपास करणे, सेट अप म्हणजे उभारणे. मुलाखतीला लागणारे नेमके तेच. ते माझ्यासाठी म्हणत होती का, हे तिने कधी सांगितलं नाही.

मुलाखत झाली. टेबलामागे तीन साहेब होते. पहिला प्रश्न हिंदीत आला, दुसराही हिंदीत. एका व्हॉल्व्हबद्दल विचारलं, मशीन ट्रिप, म्हणजे आपोआप बंद, कशामुळे होतं ते विचारलं, गाव कोणतं विचारलं. इंग्रजीचा एक शब्द कोणी काढला नाही. मी कायम झालो.

घरी आलो तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली. बायकोने विचारलं की कॅरी आउट आलं का. मी सांगितलं, सगळं हिंदीतच झालं. तिचा चेहरा एकदम उतरला. मग ती म्हणाली, बरं झालं, आणि साखर माझ्या हातावर ठेवली. त्या दिवशी पहिल्यांदाच मला तिच्यापेक्षा जास्त मिळालं होतं, आणि तिचा उतरलेला चेहरा बघून त्याची मजा काही आली नाही.

वर्षभराने बाईंनीच तिचं नाव भेस्तानच्या एका नवीन बालवाडीत सुचवलं. इंग्रजी शिकवायला शिक्षिका हवी होती. नोकरी लागली. कारखान्यात मला लोक साहेब म्हणायला लागले होते, पण गल्लीत मी मॅडमचे मिस्टर झालो. किराणावालाही तसंच म्हणायचा. ते ऐकलं की जुनं दुखणं ठसठसायचं. अजूनही ठसठसतं, पण आता त्याची सवय झालीय.

एका संध्याकाळी लूमवर कापड विणणारा एक शेजारी आला. मुलाला इंग्रजी शाळेत घालायचं होतं आणि तिथे आईबापांनाही प्रश्न विचारतात, म्हणून तो घाबरला होता. मॅडम आहेत का, त्याने विचारलं. ती भाजी घ्यायला गेली होती. मी म्हणालो, काय ते मला सांगा, मीही शिकलेलो आहे.

तो अवघडला. म्हणाला, ‘नको साहेब, तुम्ही ड्यूटीवरून दमून आलात. मी बसतो.’

आणि खरंच बसला, भिंतीला टेकून, ओठांतल्या ओठांत काहीतरी पाठ करत. मी थोडा वेळ त्याच्यासमोर बसून पाहिलं. मग आत गेलो, गॅस पेटवला आणि तिचाही धरून चहाचं आधण ठेवलं.