दुपारची बाटली, पहाटेची बाटली

शकीलभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी सहामाहीच्या उत्तरपत्रिकांची बेरीज तपासत होतो. फोन ठेवून तीच बेरीज पुन्हा केली, तर वेगळी आली. झोपेतच हृदय थांबलं म्हणे. दारव्ह्याच्या आमच्या शाळेत ते रसायनशास्त्र शिकवायचे, मी गणित. महिना होत आला, पण त्यांच्याविषयी लिहायला बसलो की एकाच ठिकाणी अडकतो... त्या तळ्याजवळ.

कापसावर बोंडअळीसाठी फवारण्यांवर फवारण्या चालल्या होत्या, त्या वर्षांतली गोष्ट. बोरी अरबकडे आमचं गाव. एका सकाळी गावतळ्यातल्या मासोळ्या उलट्या होऊन तरंगल्या. काठावर शेत असलेला दशरथ फवारणीचा पंप तळ्यातच धुवायचा, म्हणून भोयांनी त्याचं नाव घेतलं. मासेमारी करणारा किसनभाऊ म्हणाला, यानंच जहर कालवलं. लोक दशरथच्या घरी जाईनासे झाले. त्याची बायको विहिरीवर आली की बाकीच्या बाया पाण्याच्या गुंड्या उचलून निघायच्या. खरं काय ते कळावं म्हणून मी शकीलभाईंना गावी नेलं.

त्यांनी दुपारी तळ्याचं पाणी बाटलीत काठोकाठ भरलं आणि दोन औषधांचे थेंब टाकले. पाण्यात प्राणवायू असला की गाळ तपकिरी होतो, नसला की पांढरा. गाळ गडद तपकिरी झाला. पुढे मोजलं तर आकडाही भरपूर आला. मी म्हणालो, झालं, पाणी चांगलं आहे, तसं सांगून टाका. ते मुक्कामी राहिले आणि उजाडायच्या आत पुन्हा त्याच जागी गेले. या वेळी गाळ पांढरा, आकडा जवळजवळ शून्य. मला वाटलं बाटलीतच चूक असेल. कोणता आकडा खरा, असं विचारलं तर दोन्ही म्हणाले. मग मी सरासरी काढली. ती पुस्तकातल्या मर्यादेत बसत होती. ते हसले.

"सर, मासोळी सरासरीत नाही जगत."

चावडीवर त्यांनी दोन्ही बाटल्या ठेवल्या. एका म्हाताऱ्यानं पांढरीकडे बोट दाखवून हेच पाणी झकास असल्याचा निकाल दिला. शकीलभाई म्हणाले, काका, त्यातच मेल्या. मासोळीले दमा होते का मास्तर, असं कोणी तरी मागून विचारलं आणि हशा पिकला. त्यांनी शांतपणे सांगितलं, की साऱ्या शिवारातलं खत वाहून तळ्यात उतरतं, त्यावर हिरवं शेवाळ पोसतं. ऊन असेतोवर ते प्राणवायू सोडतं, अंधारात तेच ओढून घेतं.  मग तोच म्हातारा म्हणाला, "म्हंजे युरियानं कपाशी माजते, तसं तळं माजलं."

"हां काका. माजलं."

नुसता पाला वाढून बोंड न धरणारी कपाशी सगळ्यांनी पाहिली होती. मीही तेव्हाच समजलो. किसनभाऊनं विचारलं, "मंग दशरथ सुटला म्हना?"

"ते मी नाही म्हनलो. दम कोंडला, एवढं दिसलं. जहर मोजायचं सामान माह्याजवळ नाही. होतं का नव्हतं, मले माहीत नाही."

दशरथ खांबाला टेकून उभा होता. तो खाली बसला... परतताना मी शकीलभाईंवर चिडलो. 'जहर नव्हतं' एवढं म्हणायला काय जात होतं?  पुढे लोक दशरथशी बोलू लागले, पण नाव पुरतं धुतलं गेलं नाही. शकीलभाईंनी बरोबर केलं की निर्दयपणा केला, हे मला अजून ठरवता येत नाही.

परवा दशरथ घरी आला. चहा संपेपर्यंत शकील मास्तरांच्या मातीला किती लोक होते, तेच विचारत राहिला. मग म्हणाला, "सर, मांगं कधी तुमच्याजवळ तरी म्हनले असन ना, का दशरथनं नाही केलं?"

हो म्हटलं असतं तर खोटं पाडायला कोणी उरलं नव्हतं. मी म्हणालो, "नाही. केलं असंही कधी म्हणाले नाहीत."

त्यानं मान हलवली. सोडायला फाटकापर्यंत गेलो तर सायकलच्या कॅरिअरला निळा प्लास्टिकचा ड्रम बांधलेला. पंप आता तळ्यापासून लांब, शेताच्या पल्याडच्या धुऱ्यावरच धुतो म्हणाला. पाणी यातून नेतो.

"शकीलभाईंनी सांगितलं होतं?"

"नाही जी. त्यायनं माहीत नाही म्हनलं, तवापासून."