साऊ आजोबांची पडताळणी

म्हातारा दीड मिनिट बोलला आणि लिन्हने त्याचं एका ओळीत भाषांतर केलं. म्हणाली, "तो काळ फार कठीण होता."

माझा संशय तिथून सुरू झाला.

आम्ही तिघं हो ची मिन्ह सिटीपासून दीड तासावरच्या एका गावात, पपनसाच्या झाडाखाली प्लॅस्टिकच्या बुटक्या स्टुलांवर बसलो होतो. म्हाताऱ्याला सगळे ओंग साऊ म्हणत. ओंग म्हणजे आजोबा, साऊ म्हणजे सहा. लिन्ह ही आमच्या तिथल्या पार्टनर कंपनीची गाइड आणि दुभाषी. मी सिंगापूरहून रेकीला आले होते. रेकी म्हणजे शाळेच्या मुलांना नेण्याआधी आपण एकटीने जाऊन सगळं बघून यायचं. बसमध्ये सीटबेल्ट आहेत का, हॉस्पिटल किती लांब, संडास कसे आहेत, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्याने जेवायचं काय. आणि मुलांसमोर जो माणूस बोलणार, तो खरा आहे का.

हा शेवटचा मुद्दा आमच्याकडे वेगळ्या पानावर असतो. त्याला स्पीकर व्हेरिफिकेशन म्हणतात. खाली माझी सही लागते. ती नसेल तर तो माणूस त्या एका ट्रिपमधूनच नाही, आमच्या सगळ्या शाळांच्या यादीतून जातो.

पार्टनर कंपनीच्या कागदावर लिहिलं होतं की ओंग साऊ भुयारांत राहून लढलेला गनिमी सैनिक आहे. मला तो तसाच हवा होता. माझं बालपण सातपूरच्या कामगार वस्तीत गेलं. वडील युनियनची पत्रकं लिहायचे आणि मी ती घडी घालून वाटायची. त्या पत्रकांत व्हिएतनाम हमखास शेवटच्या परिच्छेदात यायचं. भाताच्या शेतातून, जमिनीखालून, चिवट लोकांनी महासत्तेला पळवलं, आणि म्हणून आपलाही बोनस मिळणारच. आता त्या जमिनीखालचा माणूस माझ्यासमोर होता, आणि तो माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हता.

मी लिन्हला म्हटलं, भुयाराबद्दल विचार. तिने काहीतरी विचारलं. म्हाताऱ्याने हात वर करून डांबरी रस्त्याकडे बोट दाखवलं. मी परत विचारायला लावलं. परत रस्ता. तिसऱ्यांदाही रस्ताच. लिन्ह मात्र भुयारातल्या अंधाराबद्दल, विंचवांबद्दल छान बोलत होती. मग तो घरातला पाचवा मुलगा आहे असं तिने सांगितलं. पाचवा, आणि नाव सहा. ते मी वहीत लिहून दोनदा अधोरेखित केलं. आणि ते दीड मिनिट. त्यात तो एकेक शब्द सुटा करून, थांबत थांबत बोलला होता. वर्गात हजेरी घेतात तसा. कठीण काळ सांगायला कोणी हजेरी घेत नाही.

सगळं मी फोनवर रेकॉर्ड केलं होतं. तो आमचा नियमच आहे.

सिंगापूरला परतल्यावर मी थेट कॅप्टनसाहेबांच्या केबिनमध्ये गेले. हे आमचे मालक. मूळचे रत्नागिरीचे. अर्धं आयुष्य मर्चंट नेव्हीत काढलं, मग इथेच पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, घेऊन शाळांच्या शैक्षणिक सहलींची ही कंपनी काढली. बोट सुटली तरी सवय सुटली नाही. ऑफिसात सगळं चेकलिस्टवर चालतं.

"म्हातारा बनावट आहे," मी म्हणाले.

"पुरावा?"

"रेकॉर्डिंग आहे."

"व्हिएतनामी येतं तुला?"

"नाही."

"मग तो पुरावा नाही. नुसता आवाज आहे."

मी लिहिलेला रिपोर्ट त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचला. 'इतिहासाचा हा राजरोस बाजार' अशी त्याची सुरुवात होती. शाळा, पार्टनर कंपनी, सगळ्यांना सीसी करायचं मी ठरवलं होतं.

"कॉम्रेड, हे पत्रक झालं," ते म्हणाले. "मला रिपोर्ट पाहिजे. आणि शंका असेल तर सरळ तो स्टॉप काढ. त्या जागी तांदळाच्या पापडांचं वर्कशॉप घाल. मुलांना पापड आवडतात, पालकांना फोटो."

पण ते इतकं सोपं नव्हतं. शाळा सिंगापूरच्या चोआ चू कांग भागातली होती आणि ट्रिप लावणाऱ्या तिथल्या शिक्षिका मिस गोह यांनी लेखी अट घातली होती की मुलांना युद्ध प्रत्यक्ष जगलेला माणूस भेटला पाहिजे. साहेबांनी मला आठवडा दिला. तेवढ्यात सही करायची, नाहीतर म्हाताऱ्याचं नाव यादीतून काढायचं.

मी वुडलँड्सला एका फ्लॅटमध्ये खोली भाड्याने घेऊन राहते. घरमालकीण थाओ आंटी. मेकाँग नदीच्या मुखाकडची, लग्न करून इथे आलेली, वाक्याच्या शेवटी इथल्यासारखं 'लाह' लावणारी. रविवारी सकाळी ती ओट्याशी कांगकोंग नावाच्या पालेभाजीच्या काड्या निवडत होती. मी फोन तिच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, आंटी, हा माणूस खोटारडा आहे, फक्त काय खोटं बोलतो ते मला सांग.

आधी मी तिला सहा आणि पाचची भानगड सांगितली. ती खो खो हसली.

"आमच्याकडे पहिल्या पोराला दोनच म्हणतात. एक नंबर कुणालाच देत नाहीत, नजर लागते म्हणे. मी तिसरी, मला घरी चार म्हणतात. हा पाचवा, म्हणजे साऊ. बरोबर आहे लाह. तू एवढी शिकलेली, एवढं विचारता नाही आलं?"

मी वहीतली ती ओळ खोडली. मग तिने रेकॉर्डिंग लावलं. थोड्या वेळाने काड्या निवडायची थांबली. त्या दीड मिनिटाशी आल्यावर तिने ते परत मागे नेऊन ऐकलं. मग फोन पालथा ठेवला.

"हा खोटं नाही बोलत," ती म्हणाली. "ती पोरगी बोलते."

ओंग साऊ भुयारात कधी गेलेच नव्हते. ते दुसऱ्या बाजूचे होते. सायगॉनच्या सरकारच्या, म्हणजे हरलेल्या फौजेत ट्रक ड्रायव्हर. वय वीस. जाताना तांदूळ न्यायचा, येताना जखमी आणायचे. एकदा रस्त्यावर मारा सुरू झाला. त्यांनी दार उघडलं आणि शेतात उडी मारली. मागे ट्रकमध्ये पाच जखमी होते. आजोबा पळाले आणि ते पाच राहिले. युद्ध संपल्यावर नव्या सरकारने त्यांना तीन वर्षं छावणीत ठेवलं. ते त्याबद्दल फार बोलले नव्हते. बोलत होते ते त्या रस्त्याबद्दल. आणि दीड मिनिट त्यांनी त्या पाच जणांची नावं घेतली होती. नाव, गाव, कुठली जखम. एकेक करून.

मी बनावट माणूस शोधायला निघाले होते. तो सापडला नाही याचा मला राग आला, हे आज लिहायला लाज वाटते. मग तो सगळा राग लिन्हकडे वळला. मी लगेच लॅपटॉप उघडून नवं पत्र लिहायला घेतलं. आंटीने स्क्रीनकडे पाहिलं.

"यात तो कुठल्या बाजूचा होता ते लिहिणार तू? नाव घालून? ईमेलमध्ये?" तिने विचारलं. "त्या गावात त्याला अजून राहायचं आहे."

मी लॅपटॉप मिटला. ज्या घरात पत्रक छापायचं थांबवणं म्हणजे गद्दारी मानतात, तिथे मी वाढले. ते पत्र मी अजून पाठवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी लिन्हला व्हिडिओ कॉल केला. तिने नाकारलं नाही. सुरुवातीला ती खरं भाषांतर करायची, म्हणाली. मग एका शाळेच्या टीचरने तिला बाजूला घेऊन विचारलं की हा तर हरलेल्या बाजूचा, तुमच्याकडे खरा कोणी नाही का? तिच्या ऑफिसनेही तेच सुचवलं. दुसरा म्हातारा शोधण्यापेक्षा दुसरी गोष्ट सोपी होती. शिवाय यात आजोबांचंच रक्षण होतं, असंही तिने जोडलं. हे तिला तेव्हा सुचलं होतं की मी विचारल्यावर, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"ते रस्ता सांगत होते," मी म्हणाले. "तू भुयार का सांगितलंस?"

"तुम्ही तीनदा भुयार मागितलंत," ती म्हणाली. "रस्ता एकदाही नाही."

रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज होता. तीन वेळा.

मी कॅप्टनसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी मला ट्रक कुठला होता ते विचारलं. मला माहीत नव्हतं. मग म्हणाले की माणूस खरा आहे म्हणजे फॉर्मवर अडचण नाही, पण कागदावर छापलंय एक आणि तो सांगणार दुसरं. त्याला स्वतःला काय हवंय ते विचार. दुभाषी तुझी असू दे.

त्या संध्याकाळी थाओ आंटीने आमच्या स्वयंपाकघरातून गावी फोन लावला. मी शेजारी बसून ती सांगेल ते लिहून घेत होते. आपण काय बोलतो आणि मुलांना काय ऐकू जातं, हे आजोबांना पहिल्यांदा कळलं. आंटीने दोनदा हॅलो म्हटलं. मग ते बोलले आणि आंटीने सांगायच्या आधी डोळे पुसले.

"ते म्हणतात, मी जखमींना टाकून पळालो हे ऐकून ही मुलं टाळ्या का वाजवतात, ते मला कधी कळलं नाही. वाटायचं, परदेशात तशी रीत असेल."

त्यांची अट एकच होती. सांगायचं तर पाचही नावांसकट सांगायचं. स्वतःचं नाव कागदावर नको, फोटो नको, मुलांचे फोन बॅगेत. मी सही केली. हँडआउटमधून 'गनिमी सैनिक' काढून 'युद्धातला एक ट्रक ड्रायव्हर' असं घातलं. मिस गोहना फोनवर कारण सांगितलं. त्या बरं म्हणाल्या, पण आवाज खाली गेला होता.

ट्रिपला मी स्वतः गेले. लिन्हवर मी विश्वास ठेवणार नव्हतेच. आंटीकडून ती पाच नावं मी घोकून घेतली होती. चाळीस मुलं पपनसाखाली दाटीवाटीने बसली. साऊ आजोबा एक वाक्य बोलत, लिन्ह एक वाक्य सांगे. हजेरी सुरू झाली तेव्हा मी पाठीमागे हात घेऊन बोटं मिटत मोजू लागले. एक. दोन. लिन्हने नाव सांगितलं, गाव सांगितलं, जखमही सांगितली. चौथ्या नावाला ती थांबली, आजोबाही थांबले. मग तिने चौथं आणि पाचवं सांगितलं. पाचही बोटं मिटली.

टाळ्या पडल्या नाहीत. मुलं एकमेकांकडे बघत होती. आजोबाही त्यांच्याकडे बघत होते, यावेळी सरळ. मग पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला.

"अंकल, तुम्ही परत गेलात का? बघायला?"

लिन्हने विचारलं. आजोबा म्हणाले, दुसऱ्या दिवशी गेलो. ट्रक होता. आत कोणी नव्हतं. कोणी नेलं, कुठे नेलं, जिवंत की कसे, ते आजपर्यंत कळलेलं नाही. म्हणून नावं सांगतो. कोणाच्या तरी ओळखीचं निघेल.

मग ते उठले आणि पपनस सोलून मुलांना फोडी वाटू लागले.

सिंगापूरला आल्यावर मुलांचे फीडबॅक फॉर्म आले. फीडबॅक फॉर्म म्हणजे प्रत्येक कार्यक्रमाला पाचपैकी तारे. पापडांच्या वर्कशॉपला, साहेबांनी ते घातलंच होतं, पावणेपाच. नदीतल्या बोटीला साडेचार. आजोबांना तीनपेक्षा थोडे कमी. 'स्लो.' 'भुयार असेल असं वाटलं होतं.' एकीने ताऱ्यांच्या जागी काहीच भरलं नव्हतं. खाली तिने पाच नावं लिहिली होती. स्पेलिंग चुकलेलं होतं, पण नावं पाचही होती.

मिस गोहनी कळवलं की पुढच्या वर्षी त्यांना जास्त एन्गेजिंग स्पीकर हवा आहे. दुसऱ्या एका शाळेने मात्र साऊ आजोबांना ठेवलं आहे. तिथे कॅप्टनसाहेब स्वतः जाऊन बोलले. काय बोलले ते त्यांनी मला सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात पार्टनर कंपनीकडून नव्या स्पीकरचा व्हिडिओ आला. भुयारातला माणूस. डोळ्यांत पाणी, छातीवर पदकं, गोष्ट पहिल्या वाक्यापासून पकड घेणारी. ऑफिसात सगळ्यांना आवडला. मला तर फारच आवडला. वडिलांच्या कुठल्याही पत्रकाच्या शेवटी शोभला असता.

मी न कापलेलं मूळ रेकॉर्डिंग मागवलं आहे. आपल्याला हवी तीच गोष्ट कोणी सांगू लागला की आधी दुभाषी तपासावा, आणि त्याच्याही आधी आपण काय विचारलं होतं ते. रेकॉर्डिंग आलेलं नाही. सहीची जागा कोरी आहे.