आबांच्या हातातली लडी

"हात वर."

"वरच आहेत."

"अजून वर. शरण आल्यासारखे दिसा जरा."

"कुणाला शरण?"

"मला. दुसरं आहे कोण इथे?"

सकाळचा चहा झाला की आमच्या घरी हा प्रवेश ठरलेला. खिडकीशी आबांची लाकडी खुर्ची, समोर आत्याचं बुटकं स्टूल. आबा म्हणजे माझे आजोबा. त्यांचे दोन्ही हात पुढे, अंगठे वर, मध्ये खांद्याएवढं अंतर, आणि त्या हातांवर ताणून बसवलेली लोकरीची लडी. आत्या तिचं टोक शोधायची आणि गुंडा वळायला लागायची. धागा उजवीकडून सुटला की आबांनी उजवीकडे कलायचं, डावीकडून सुटला की डावीकडे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा घरात बसून होडी वल्हवतोय.

"निघाले का आबा बंदरावर?" आई स्वयंपाकघरातून विचारायची.

"निघतायत कुठले, वहिनी! वल्ही मारतात जोरात, पण होडी बांधलेलीच आहे."

आबांची सगळी नोकरी सिनेमा थिएटरच्या वरच्या कोंदट खोलीत गेली, प्रोजेक्टरवर रिळं चढवण्यात. एक वळसा चुकला की पडदा काळा आणि खाली पब्लिकच्या शिट्ट्या, हे वाक्य आम्ही सगळ्यांनी इतक्यांदा ऐकलंय की ते बोलायला लागले की आम्ही शिट्ट्याच मारायचो. मग त्यांना झटका आला आणि उजवा हात मंदावला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, हातांना काहीतरी काम द्या. आत्याने लडी दिली. हात पुष्कळ सुधारला. पण काम इतकं आवडलं की हात सुधारलाय हेच आबा कबूल करेनात.

आत्या बाबांची मोठी बहीण. पन्नाशीला टेकलेली, उंच, वाकून चालणारी. आमच्या दोन खोल्यांत उंच माणसाला सरळ उभं राहायची सवयच लागत नाही. कुठे ना कुठे दोरी, आणि दोरीवर काहीतरी वाळत. लग्नाचं विचारलं की म्हणायची, "ठरलं होतं गं एकदा. मग तुझी आजी आजारी पडली. मग ती गेली. मग आबा. एकेक टाका सुईवर चढतच गेला, उतरवायला मधे वेळ कुठे होता?"

तिचा चरखा दारामागे. त्यामुळे दार अर्धंच उघडतं आणि आमच्याकडे पाहुणे तिरके आत येतात. मेंढ्या पाळणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून ती कच्ची लोकर आणते, धुते, पिंजते, कातते, दोन धागे एकत्र पिळते आणि त्याची लडी करते. मग रंग. कांद्याच्या सालींचा पिवळा, डाळिंबाच्या सालींचा बदामी, मंजिष्ठेच्या मुळांचा विटकरी. भाजीवाली तिच्यासाठी पिशवीभर कांद्याची सालं राखून ठेवते आणि आईला विचारते, "तुमच्याकडे खातात तरी काय हो?" आई आणि आत्याची भांडणंही या रंगावरूनच.

"वन्सं, हे पातेलं खाण्याचं की रंगाचं?"

"रंगाचं. कानाला दोरा बांधलाय ना!"

"दोरा दुधाच्या पातेल्यालाही आहे."

"अगंबाई! मग बघा हो, दूध पिवळं दिसतंय का?"

एवढं सगळं करून ती विणायची कुणासाठी? मागेल त्याच्यासाठी. आम्हा सगळ्यांचे स्वेटर पिवळे, बदामी नाहीतर विटकरी. मला वर्गात वीटभट्टी म्हणायचे. घरात निळं काही नव्हतं. निळ्याला नीळ लागते, नीळ आंबवावी लागते, आणि आंबणाऱ्या निळीला वास येतो. एकदा आत्याने बाल्कनीत झाकणाच्या डब्यात नीळ घातली होती. आबांनी ताट परत केलं. संध्याकाळचंही परत केलं. "मळमळतं," म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आत्याने डबा मोरीत ओतला. बराच वेळ पाणी ओतत होती. मोरीची फरशी मात्र कडेला निळी राहिली ती राहिलीच. अंघोळीला गेली की आत्या ती कड पायाच्या अंगठ्याने घासते. पुसायला की बघायला, कळत नाही.

तिचा एकच कडक नियम होता: लोकरीला कात्री लावायची नाही. गुंता पडला तर ती चष्मा कपाळावर चढवायची, गुंता नाकाशी धरायची आणि एकेक वळसा बाहेर काढायची. "हाताने काढलेला धागा आहे," म्हणायची, "कापायला मी काय त्याची वैरी आहे?"

मग एक दिवस एक नीळवाल्या बाई आल्या. बँकेच्या रांगेत त्यांनी बाबांना अडवलं होतं. "तुमच्या अंगातला स्वेटर कुणी रंगवला?" बाबा घाबरून म्हणाले, "ताईने, पण मी काही केलेलं नाही." वर डोंगरात त्यांचा रंगाचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड आणि जमिनीत पुरलेले निळीचे रांजण. त्यांची नखं मुळापर्यंत निळी होती. आत्या त्यांना चहा देताना कपाकडे बघत नव्हती, नखांकडे बघत होती.

नीळवाल्या बाईंनी सगळ्या लड्या उलगडून बघितल्या. एकीला कान लावला, एकीचा वास घेतला. मग म्हणाल्या, "निळं कसं नाही हो एकही?"

खिडकीशी बसलेले आबा बोलले, "वास येतो."

"येणारच. जिवंत असते ती." बाई हसल्या आणि आत्याकडे वळल्या. "माझ्याकडे या. हंगामभर राहा. कातणारी आणि रंगवणारी एकच बाई मला मिळत नाही. दर शनिवारी सकाळी माझा टेम्पो माल घेऊन खाली येतो. तुमच्या दारासमोर हॉर्न वाजवेल. बसा आणि या."

बाई तिरक्या होऊन गेल्या. मग आईच म्हणाली, "जा हो वन्सं. आबांचं मी बघते."

"ताई, जा तू," बाबा म्हणाले.

"जाऊ का आबा?"

"मी काय बांधून ठेवलंय तुला?" आबा म्हणाले. "जा की." आणि डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

शनिवारी आत्याची पिशवी दाराशी तयार होती. नवी चप्पल पायात. टेम्पोला अवकाश होता.

"एवढी एक लडी वळून जा," आबा म्हणाले. "तुझी सवय. माझीही."

ती चपलेसकट स्टुलावर बसली. निम्मा गुंडा झाला असेल, धागा अडकला. तिने हलकेच ओढून पाहिलं. आणखी अडकला. आजवर आबांच्या हातावर लडी कधी गुंतली नव्हती.

"हात थरथरला," आबा म्हणाले.

"असू दे. काढते."

चष्मा कपाळावर गेला. खाली हॉर्न वाजला. मी बाल्कनीत धावले, "आत्या, टेम्पो आला!"

"थांबायला सांग. झालंच."

पुन्हा हॉर्न. आई कात्री घेऊन आली. "वन्सं, कापा आणि निघा."

"ठेवा ती! झालंच म्हटलं ना."

तिसरा हॉर्न लांबून आला, कोपऱ्यावरून. आत्याने मान वर केली नाही. थोड्या वेळाने गुंता सुटला. "बघा," ती म्हणाली, "एवढंसं होतं." मग चप्पल काढून जागेवर ठेवली.

पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्या शनिवारीही. मधल्या दिवसांत लडी सुतासारखी सरळ सुटायची; शनिवार आला की आबांचा हात थरथरायचा. पिशवी दाराशीच राहिली. येणारेजाणारे आता चरखा आणि पिशवी दोन्ही चुकवून आणखी तिरके व्हायला लागले. आईने सुचवलं, लडी खुर्चीच्या पाठीवर चढवा. आबा म्हणाले, "हो हो, खुर्चीला बाप म्हणा." विषय संपला.

मग तो शनिवार. मी भिंतीला टेकून चहा पीत होते. आत्याच्या हातून गुंडा निसटला आणि टीव्हीखाली गेला. ती तो काढायला वाकली. टीव्ही बंद होता. त्याच्या काळ्या काचेत सगळी खोली दिसत होती, लहान, स्वच्छ. खुर्ची, खिडकी, आबा. आबांचा डावा अंगठा हळूच वाकला, लडीतला खालचा एक वळसा त्याने उचलला, दोन वळशांवरून नेला आणि अलगद सोडला. काय सफाई होती! रीळ चढवणाऱ्याची. थरथर नावालाही नाही.

काचेतच मला आत्याचे डोळे दिसले. तिलाही माझे दिसले.

ती उठली, स्टुलावर बसली, धागा ओढला. अडकला.

"हात थरथरला," आबा म्हणाले.

"हो का," आत्या म्हणाली आणि सोडवायला लागली. टेम्पो आला, वाजला, गेला.

मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. "आत्या, आबा मुद्दाम..."

"हळू बोल. माहितेय."

"आत्ता दिसलं म्हणून?"

"पहिल्याच शनिवारी कळलं होतं. आपोआप पडलेला गुंता वेडावाकडा असतो गं. हा घातलेला होता. दर वेळी तोच वळसा, त्याच बाजूने. काचेत काय, आज नुसता सिनेमा बघितला."

"मग उठायचंस ना! गेली का नाहीस?"

तिने नळ सोडला, बंद केला. "टेम्पो गेला की मला काय वाटायचं सांगू? हायसं वाटायचं. आता नाही जावं लागणार, असं. इतकी वर्षं निळं निळं करत बसले. तिथे जाऊन नाही जमलं तर? इथे निदान आबांवर ढकलता येतं." ती हसली, पण हसू तोंडाच्या एकाच बाजूला आलं. "ते गुंता घालतात, मी सोडवते. दोघांचीही सोय."

"ही काय सोय झाली?"

"तेच म्हणतेय मी." ती ओल्या हातांकडे बघत राहिली. नखांत कांद्याचा पिवळा होता. "काचेत आपण तिघंही केवढेसे दिसत होतो, नाही?"

पुढचे दिवस ती कमी बोलली. चरखा मात्र थांबला नाही. तिने पांढरी, न रंगवलेली लडी केली, मोठी, नेहमीच्या दुप्पट. आईने विचारलं, "ही कशाला?" तर म्हणाली, "आबांना."

शनिवारी ती चप्पल घालूनच स्टुलावर बसली. पिशवी मांडीवर.

"हात वर."

"वरच आहेत. ही फार जड आहे."

"तुम्हाला झेपते."

ती वळायला लागली. खोलीत फक्त धाग्याची सळसळ. मी टीव्हीच्या काचेकडे पाहायचं टाळत होते आणि तिकडेच पाहत होते. अंगठा वाकला. धागा अडकला.

"हात..." आबांनी सुरुवात केली.

"थरथरला. हो."

आत्याने चष्मा वर चढवला नाही. तिने हातातला गुंडा आबांच्या मांडीवर ठेवला, धागा न तोडता. उठली. खाली हॉर्न वाजला.

"अगं, गुंता?" आबा म्हणाले.

"तुमचा आहे, आबा. तुम्ही घातलात, तुम्हीच सोडवा. तुमच्यापेक्षा चांगला कुणाला येणार?"

आबांचा चेहरा पडला. मग म्हणाले, "आणि नाही सुटला तर?"

"तर सावकाश. वहिनी, कात्री मागितली तर द्यायची नाही."

"आणि हात? हात खाली कसे घेऊ मी?"

ती दारात होती. चरखा ओलांडताना पदर अडकला, तिने तो सोडवला. वळून बघितलं. आबा तसेच, दोन्ही हात वर, शरण आल्यासारखे. मला वाटलं, आता परत फिरते. तिच्या चेहऱ्यावरही तेच होतं. मग हॉर्न पुन्हा वाजला आणि जिन्यावर नव्या चपलेचा आवाज खाली खाली गेला.

आबांनी हात खाली घेतले नाहीत. आईने घास भरवला तरी नाही. "खाली घेतले तर वळसे हलतील," म्हणाले. "मग सुरुवात कुठून करायची ते सापडणार नाही." दुपारी मी लडी त्यांच्या हातांवरून उचलली, एका उलट्या खुर्चीच्या दोन पायांवर तशीच्या तशी बसवली. त्यांनी स्टूल ओढलं. आत्याचं. आणि वाकून एकेक वळसा बाहेर काढायला लागले, दोन्ही हातांनी.

आत्याचा फोन काही दिवसांनी आला. आईने स्पीकर लावला.

"अहो वहिनी, रांजणातून लडी काढली तर हिरवी! चक्क हिरवी! मी म्हटलं, गेलं, मला नाही जमलं, रडायलाच लागले. बाई म्हणाल्या, गप उभ्या राहा, हवेत धरा. धरली. आणि डोळ्यांदेखत..." ती हसायला लागली. "निळी झाली हो. माझी."

"आबा, ऐकलंत का?" आई म्हणाली.

आबा खुर्चीत होते. लडी त्यांच्या मांडीवर, एकही वळसा इकडचा तिकडे नाही. कालच सुटली होती. मी स्वतः पाहिली होती.

"वास येतो का?" त्यांनी विचारलं.

"येतो, आबा. केसांनासुद्धा येतो."

"हं."

"गुंता सुटला का तुमचा?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग लडी उचलून हातांवर चढवली, डावा अंगठा वाकवला, खालचा एक वळसा उचलला आणि वरून टाकला.

"नाही गं अजून," ते म्हणाले. "कधी येतेस?"

पलीकडे वारा ऐकू आला, पत्र्यावरचा.

"मग सावकाश सोडवा," आत्या म्हणाली. "मी आहे अजून इथे."