जहाजावर एक जाकीट कमी होते

खाकी उतरवली, तेव्हा वाटले होते की प्रकरणेही तिथेच राहतील. बहुतेक राहिलीही. मारामाऱ्या, चोऱ्या, बांधावरची भांडणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. एका प्रकरणाने मात्र अजून माझी पाठ सोडलेली नाही, आणि गंमत म्हणजे ते आमच्या हद्दीत घडलेही नव्हते. यातली माणसे आजही तिथेच राहतात, म्हणून नावे देत नाही.

कळमनुरी तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. एके सकाळी मुंबईहून संदेश आला. अरबी समुद्रात एक मालवाहू जहाज भरकटताना सापडले असून त्यावर एकही माणूस नाही. जहाजावरचा स्वयंपाकी डोंगरकड्याजवळच्या खेड्यातला आहे. तो घरी परतला आहे काय, याची चौकशी करून अहवाल पाठवावा.

आमच्या ठाणे अंमलदाराने कागद उलटसुलट करून पाहिला. "साहेब, आपल्या हद्दीत समुंदर कवापासून आला?"

सगळे हसले, मीही हसलो. पुढचा मजकूर वाचला आणि हसू मावळले.

जहाजात कसलाही बिघाड नव्हता. हवा शांत होती. मालाला कोणी हात लावलेला नव्हता, झटापटीची खूण नव्हती, रक्ताचा डाग नव्हता. खलाशांचे मोबाइल चार्जिंगला लावलेले होते. स्वयंपाकघरात कणीक मळून, ओल्या फडक्याने झाकून ठेवलेली होती. जीव वाचवायची होडी जागच्या जागी बांधलेली होती. पाण्यात तरंगवणारी जाकिटे ओळीने टांगलेली होती, त्यातले फक्त एक कमी होते. कुठलीही घाई न करता सगळे जण बाहेर पडले होते. समुद्रात बाहेर म्हणजे कुठे, हे कागदात लिहिलेले नव्हते.

मी त्या स्वयंपाक्याच्या बायकोला आणि आईला ठाण्यात बोलावले. म्हातारी वाळून अर्धी झाली होती. जहाज कंपनीच्या फोनवरून मुलगा बेपत्ता झाल्याचे कळल्यापासून तिने अन्न सोडले होते. मी कागदातला मजकूर सोपा करून सांगितला. जाकिटाचा उल्लेख येताच तिने डोके वर केले.

"एकच काहून कमी?"

मी काही बोलायच्या आत सून म्हणाली, "यांनीच घातलं असंल, आत्याबाई. यांना पोवता कुठं येते? पान्याला किती भेत होते, तुमाला ठाव हाय. कुठंतरी काठाला लागले असतील."

म्हातारीच्या चेहऱ्यावर रंग आला. तर्क बरा होता. मीसुद्धा तो अहवालात घातला.

त्यानंतर दर बाजारच्या दिवशी ती सून ठाण्यात येऊ लागली. पिशवी हातात, पदर डोक्यावर, दाराशी उभी. खुर्ची दिली तरी बसायची नाही.

"काही कळलं का साहेब?"

"तपास चालू आहे, बाई."

"बरं," म्हणायची आणि निघायची. इतर लोक तेवढ्यावर हलत नाहीत. हुज्जत घालतात, रडतात, पुढाऱ्याला फोन लावून देतात. ही मात्र जिन्नस घेतल्यासारखी ते वाक्य घेऊन जायची. आमचे हवालदार म्हणायचे, "साहेब, अशी फिर्यादी समद्यांना मिळो."

असे बरेच महिने गेले. मग माझा एक खबऱ्या आला. तो जवळा बाजारच्या बाजारात भांडी विकायचा आणि गावोगाव हिंडायचा. म्हणाला, इसापूर धरणावर एक मासे धरणारा नारिंगी जाकीट घालून पाण्यात जातो. त्यावर इंग्रजी अक्षरे आहेत. मोबाइलवर काढलेला फोटो त्याने पुढे केला. अक्षरे फिकट झाली होती, पण वाचता येत होती. नाव त्याच जहाजाचे होते.

मी ते नाव पुन्हा पुन्हा वाचले. भर समुद्रातल्या जहाजावरून गेलेले जाकीट आमच्या तालुक्यातल्या धरणावर तरंगत होते. पोलिसाचे डोके लगेच वाईटाकडे धावते. माझ्या मनात आले की हा गडी जिवंत आहे, इथेच कुठेतरी लपला आहे आणि बाकीच्यांचे काय झाले ते त्याला ठाऊक आहे.

पंच बोलावून पंचनामा केला, जाकीट जप्त केले आणि त्या माणसाला चौकशीसाठी ठाण्यात आणले. तिशीतला, काटक, नजर जमिनीवर.

"कुठून आणलं?"

"बाजारातून घेतलं साहेब. भंगारवाल्याकून."

"कुठल्या?"

"आता ध्यानात न्हाई."

मी आवाज चढवला नाही. घाबरलेला माणूस ओरडण्याने अजून मिटतो, हा माझा अनुभव आहे. मी जाकीट टेबलावर पसरले आणि उलटेपालटे करून पाहत बसलो. एक पट्टा तुटून पुन्हा शिवलेला होता. जाड दोरा, लांब धावता टाका.

"हा गोधडीचा टाका आहे," मी म्हणालो. "जहाजावर गोधड्या शिवतात का रे?"

त्याने त्या शिवणीवरून बोट फिरवले. मग त्याचे खांदे हलू लागले.

"वहिनीनं शिवून देलं, साहेब."

हळूहळू सगळे बाहेर आले. बेपत्ता स्वयंपाकी त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. याचा धाकटा भाऊ धरणात बुडून मेला, तेव्हापासून याला पाण्यात उतरायची भीती वाटू लागली होती. पोट मात्र पाण्यावरच होते. दोस्त शेवटच्या रजेवर आला, तेव्हा पिशवीत घालून स्वतःचे जाकीट घेऊन आला. म्हणाला, तू घाल, मला जहाजावर दुसरे मिळेल. पट्टा तुटका होता, तो दोस्ताने आपल्या बायकोकडून शिवून दिला. मी धरणावरच्या इतरांचेही जबाब नोंदवले. जहाज सापडायच्या आधीपासून हा ते घालत होता, यावर सगळे ठाम होते.

"मग खोटं काहून बोललास?"

"त्याच्या वाट्याचं जाकीट माझ्या अंगावर हाय, साहेब. कसं सांगू?"

मी विचारले, जहाजाबद्दल तो कधी काही बोलला होता का?

"म्हनायचा, दर्या कधीकधी एकदम थांबते. मंग पानी दिसतच न्हाई, हिरवं रान दिसते. लांबपर्यंत. उतरून चालावं वाटते. मी म्हनलं, येडा हायस का? तर म्हने, मला एकट्यालाच न्हाई. समद्यांनाच दिसून राहिलं. कोनी बोलत न्हाई येवढंच."

भर दुपारची वेळ होती, बाहेर रस्त्यावर रहदारी होती. लिहिणाऱ्या हवालदाराने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "जसंच्या तसं लिहा."

पुढच्या बाजारला ती बाई आली, तेव्हा जाकीट टेबलावर होते. तिने पाहिले आणि दार लोटून घेतले.

"बाई, तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

"व्हय साहेब."

"मग त्या दिवशी तसं का म्हणालात?"

"आत्याबाईनं अन्न सोडलं होतं," ती म्हणाली. "जाकीट कमी हाय म्हनलं, त्या रोजी त्यायनं भाकरी खाल्ली. मी काय करू? बाजारहून गेलं की त्या दारातच विचारतात, साहेब काय म्हनले. मी सांगते, तपास चालू हाय. मंग जेवतात." तिने हात जोडले. "कागदावर काय लिहायचं ते लिहा. गावात तेवढं सांगू नका."

कागदावर मी सगळे खरे लिहिले आणि मुंबईला पाठवले. रानाच्या त्या जबाबावर कोणी एक प्रश्नही विचारला नाही. जहाजाचे कोडे आजवर सुटलेले नाही. गावात मी अवाक्षर काढले नाही आणि हवालदारांनाही तशी ताकीद दिली. बाई येत राहिली. मी तेच वाक्य देत राहिलो. दोघांनाही त्याची किंमत माहीत होती.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. ठाण्यात येणारा प्रत्येक जण सत्य शोधायला येत नाही. काही जण सत्य घरीच ठेवून येतात आणि आपल्याकडून फक्त घरचा दिवस निभावण्यापुरते काही मागतात. ते द्यायला कायद्यात कलम नाही. पण देता येते.

म्हातारी गेली. तिचा तेरावा झाल्यावर सून पुन्हा ठाण्यात आली. त्या दिवशी ती पहिल्यांदाच खुर्चीवर बसली.

"साहेब, आता घरी सांगायचं कोनाला न्हाई. मला सांगा, काय झालं असंल त्यायचं?"

मी समोरची फाइल मिटली.

"बाई, मला माहीत नाही."

इतक्या वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी कोणापुढे उच्चारले नव्हते. तिने मान हलवली, पदर तोंडाशी धरला आणि माझ्यासमोर पहिल्यांदाच नवऱ्यासाठी रडली.