लंगोट लावलेली दुपार

अठ्ठेचाळीसच्या जानेवारीअखेर दिल्लीत महात्म्याचा खून झाला आणि खुनी ब्राह्मण निघाला. कोल्हापुरात ब्राह्मणांची घरं पेटू लागली. आम्हीही ब्राह्मणच. मी नुकताच शाळेत मास्तर झालो होतो. घरात आई आणि मी, आणि दारासमोर तालीम.

त्यातल्याच एका सकाळी तालमीतला एक पैलवान दारात आला. आईच्या हातचं ताक पिऊन वाढलेला. चेहरा लग्नाचं आमंत्रण द्यायला आल्यासारखा.

"मास्तर, काकूंना घेऊन दुपारच्या आत भाईर पडा. घर पेटवायचं ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

"आता कुणी म्हणून सांगू? सगळीच जाणार हायती. पलीकडच्या पेठेतनं बी माणसं येणार. आमीच न्हाय म्हटलं तर बरं दिसत न्हाय."

"आणि आमचं घर जळलेलं बरं दिसेल होय रे?" आई आतून म्हणाली.

"तसं न्हवं, काकू. वाईट वाटतंयच की." मग त्यानं घरात नजर फिरवली. "तांब्याचा बंब जड हाय. मी काढून देतो. उगं कशाला जळायचा?"

आणि त्यानं खरंच बंब खांद्यावर मारला आणि परसात नेऊन ठेवला. पेटवणाऱ्यानंच आधी सामान काढून द्यावं, ही सोय मला पुढे वाचलेल्या कुठल्याही देशाच्या इतिहासात आढळली नाही. बाकीचं सगळं आढळलं: वाईट वाटणारी माणसं, आपोआप ठरलेले निर्णय आणि बरं न दिसण्याची धास्ती.

जायचं कुठं, हा प्रश्न होता. गल्लीच्या दोन्ही तोंडांना धूर दिसत होता. आईनं कुलूप हातात घेतलं आणि परत ठेवलं. पेटणार असलेल्या घराला कुलूप लावायचं की नाही, हे तिला ठरवता येईना.

तेवढ्यात तालमीचे वस्ताद आले. शिरोळकडे त्यांचा ऊस होता, तिथून सायकलवर येत होते. तालमीच्या दारात पोरं रॉकेलचा डबा घेऊन उभी. मी खिडकीतून पाहत होतो. वस्तादांनी खुनाबद्दल विचारलं नाही, आमच्याबद्दल तर नाहीच.

"तालमीतनं कोण कुठं जाणार, ह्ये मला न इचारता ठरतंय व्हय रं?"

डबा धरलेल्या पोरानं तो पायानं भिंतीआड सरकवला.

"लंगोट लावा. माती उकरा."

लंगोट लावून रस्त्यावर यायचं नाही आणि वस्ताद सांगेपर्यंत आखाडा सोडायचा नाही, हा तालमीचा नियम. देश स्वतंत्र झाला तरी त्याला कुणी हात लावला नव्हता. पोरांनी मुकाट्यानं कपडे उतरवले आणि खोरी उचलली.

मग जमाव आला. पुढे खादीची टोपी घातलेले, गळ्यात शिट्टी अडकवलेले एक गृहस्थ. सकाळीच शोकसभेत ते अहिंसेवर बोलले होते, असं नंतर कळलं. कुठलं घर कुणाचं, हे दाखवायला त्यांना तालमीची पोरं हवी होती. त्यांनी तालमीच्या उंबऱ्याकडे पाऊल टाकलं.

"पावणं, पायताण भाईर," वस्ताद म्हणाले.

गृहस्थ थबकले आणि वाकून त्यांनी चपला काढल्या. मागच्या चौघा-पाचांनीही काढल्या, भिंतीला नीट लावून ठेवल्या.

"वस्ताद, पोरं द्या. घरं दावायला."

"पोरं मातीत हायती."

"झालं की द्या."

"सांजपातूर चालंल. बसा की."

अनवाणी माणसाला फारसं जोरात बोलता येत नसावं. त्यांनी चपला घातल्या, शिट्टी फुंकली आणि गर्दी पुढच्या गल्लीत गेली. तिथे वस्ताद नव्हते. तिथला धूर आम्हाला घरातूनच दिसला. आपलं छप्पर शाबूत असताना दुसऱ्याचा धूर किती लांबचा वाटतो, हे त्या दुपारी कळलं. आईनं कुलूप खुंटीला अडकवलं.

संध्याकाळी तो पैलवान बंब परत ठेवायला आला. केसांत अजून लाल माती. आमच्यापेक्षा त्यालाच सुटल्यासारखं वाटत होतं.

मी विचारलं, "वस्तादांनीच पेटवा म्हटलं असतं तर?"

त्यानं बंब जागेवर टेकवला. खोटं बोलणं त्याला जमत नसे.

"मग पेटवलं असतं की, मास्तर."

आईनं हे ऐकलं होतं. तिनं त्याच्या हातात चहाचा कप दिला.

"वस्तादांचं वय काय रे?"

"साठीला आलं असतील."

"त्यांना म्हणावं," आई म्हणाली, "उन्हातान्हातून सायकल मारत जाऊ नका. तब्येतीला जपा."