दाजी आणि लाल इटालियन

उदगीरपासून नायगावपर्यंत विकायला निघालेली अशी एकही वस्तू नसेल, जी आमच्या साडूंनी एकदा तरी नापसंत केलेली नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही म्हणतो. त्यांची सगळी नोकरी देवणीच्या जनावरांच्या दवाखान्यात गेली. बैल घ्यायचा तर लोक दाजींना सोबत नेत. दाजी आधी मागून एक चक्कर मारत, मग पाठीवर हात ठेवत, आणि डोळे मिटून खोड सांगत. खोड सांगून झाली की हात काढून घेत आणि चालू लागत. हात निघाला की सौदा मोडला, हे बाजारातल्या बैलांनाही माहीत होतं. पुढे लोक त्यांना पिठाची गिरणी, प्लॉट, शिलाई मशीन असं काहीही दाखवायला नेऊ लागले. लातूरला मी फ्रिज घ्यायला गेलो, तर दाजींनी त्याच्या पाठीला कान लावला आणि भर दुकानात म्हणाले, "धाप लागती याला." आम्ही तसेच परतलो. तो सबंध उन्हाळा माठातलं पाणी पीत मी बायकोला आपलं केवढं नुकसान टळलं ते समजावत होतो. स्वतःच्या एका पुतणीला बघायला आलेल्या मुलाला त्यांनी फाटकापर्यंत चालून दाखवायला सांगितलं होतं. "पाऊल चांगलं टाकतो, पण मान खाली घालून चालतो," असा निकाल दिला. लग्न तरीही झालं. मान खाली घालण्याबद्दल पुतणीची अजून तरी काही तक्रार नाही.

स्वतःसाठी मात्र या माणसाने आयुष्यात काही विकत घेतलं नाही. सदऱ्याचं कापडसुद्धा अक्का, म्हणजे माझी मेहुणी, आणायची. त्यामुळे रिटायर झाल्यावर एक दिवस त्यांचा फोन आला, "गुरुजी, नांदेडला एक गाडी बगायला चलायचं. माझ्यासाठी," तेव्हा शेवटचा शब्द मी पुन्हा विचारून घेतला. गाडीचा फोटो त्यांना कुणीतरी मोबाईलवर पाठवला होता आणि आठ दिवस ते तोच बघत होते. निघताना अक्काने मला बाजूला घेतलं. "गुरुजी, आज त्यास्नी नको म्हणू देऊ नका. जलमभर दुसऱ्याचंच बगत आले. एकदा तरी आपल्या दारात कायतरी आवडीचं येऊ द्या." मी मोठ्या तोऱ्यात हो म्हणालो.

नांदेडच्या बायपासला जुन्या गाड्यांचं एक आवार होतं. गाडी लालभडक, चार दारांची, जमिनीला पोट टेकवून बसल्यासारखी बुटकी आणि थेट इटलीची. शर्यतीच्या गाडीचं इंजिन घरगुती गाडीत बसवल्यासारखा तिचा थाट. किंमत मात्र नव्या छोट्या गाडीच्या निम्मी. एवढी स्वस्त कशी, म्हणून विचारलं तर मालक प्रामाणिक निघाला. म्हणाला, "कोणी घेईना म्हणून." स्पेअर पार्ट इटलीहून येतात, हेही त्याने सांगून टाकलं. "किती दिसांत?" दाजींनी विचारलं. "आल्यावर कळतं," मालक म्हणाला.

दाजींनी मागून चक्कर मारली. टायरवर अंगठा फिरवून दात पाहावेत तशी झीज पाहिली. इंजिन सुरू करायला लावून बॉनेटवर हात ठेवला आणि डोळे मिटले. "मागचा डावा पाय लचकतो. पोटाखाली तेल गळून राहिलंय. आवाजात कफ हाय." एकूण अकरा खोडी निघाल्या. प्रत्येक खोडीनंतर मी परत निघायला वळत होतो. पण दाजींचा हात बॉनेटवरून निघेना! उलट दुसऱ्या हाताने त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, त्याखाली हात झाकला आणि मालकापुढे धरला. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत, रुमालाखाली बोटं धरून सांगतात. दाजींनी तीन बोटं पुढे केली होती, म्हणजे तीन लाख. मालक तिशीतला पोरगा. त्याला वाटलं म्हातारा अदबीने हात मिळवतोय. त्याने अख्खा पंजा धरून जोरजोरात हलवला. "पाच?" दाजी ओरडले. "आरं, पाटीवर साडेतीन लिहिलंय की!" मालक बिचारा सॉरी म्हणाला आणि आणखी जोरात हात हलवू लागला. शेवटी दोघांना समजावता समजावता मला घाम फुटला आणि तीनवर सौदा आला.

आता फक्त हो म्हणायचं राहिलं होतं. आणि दाजींनी, उभ्या आयुष्यात कुणाला न विचारलेली गोष्ट मला विचारली. "गुरुजी, तुमी काय म्हंता?"

अहो, मी असा फुशारलो! अक्काचं बोलणं साफ विसरलो. दाजींच्या अकरा खोडी त्यांनाच ऐकवल्या, वर बारावी स्वतः शोधली. म्हणालो, "दाजी, उदगीरच्या स्पीडब्रेकरला हिचं पोट घासेल. नकोच."

दाजींनी बॉनेटकडे पाहिलं. मग सावकाश हात काढून घेतला. "बरूबर हाय तुमचं," म्हणाले.

बसने परतताना नायगावला चहा घेतला. इतका पाणचट चहा मी कधी प्यालो नव्हतो, पण दाजी म्हणाले, "चांगलाय." तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. घरी अक्का "काय हो, गुरुजी" एवढंच बोलली. मला ते पुरलं. त्या दिवसाचा पस्तावा मला अजून होतो. मला कुणी शहाणपण विचारलं नव्हतं. त्या माणसाला फक्त एक धक्का हवा होता.

गेल्या महिन्यात पेपर तपासायला नांदेडला गेलो, तेव्हा रिक्षा मुद्दाम बायपासवरून घ्यायला लावली. लाल गाडी आवारात नव्हती. संध्याकाळी दाजींचा फोन आला. जय भीम झाला, तब्येतीची विचारपूस झाली, मग हळूच म्हणाले, "नांदेडला गेलता म्हणं. ती हाय का तिथं?"

"नाही दाजी. गेली."

मला वाटलं, आता दाजी फोन ठेवतील.

"कुणाच्या घरी गेली? मान्सं बरी हायत का?"

मला काय माहीत! मी आवारात उतरलोसुद्धा नव्हतो.

"बरी आहेत, दाजी," मी म्हणालो. "सावलीत उभी करतात."

"मंग झालं," दाजी म्हणाले आणि फोन ठेवला.