पॅकेज उघडून बघणाऱ्या काकू

"सांगू नकोस, उघडून दाखव," असं म्हणत त्या कपाळावरचा चष्मा नाकावर ओढायच्या. तुमच्याही ऑफिसात असं कुणीतरी असेलच, बंद पाकिटावर विश्वास न ठेवणारं.

निजामपुऱ्यातली आमची लहानशी कंपनी शाळांच्या लायब्ररीसाठी सॉफ्टवेअर बनवते. कॉलेज सांभाळून मी तिथे काम शिकत होते. बाकी सगळे त्यांना गुजराती पद्धतीने 'बेन' म्हणत. मी मराठी, म्हणून 'काकू' म्हणायचे. सॉफ्टवेअर शाळेला पाठवण्याआधी त्याचं पॅकेज करतात. त्यात कोणत्या फाइली घ्यायच्या आणि कोणत्या वगळायच्या, याचे नियम लिहावे लागतात. काकूंना नुसते नियम पुरत नसत. तयार पॅकेज उघडून त्या एकेक नाव मोठ्याने वाचायच्या, लग्नातला आहेर वाचावा तशा.

काय घ्यायचं, काय वगळायचं हे वेड ऑफिसबाहेरही होतं. पावागढच्या सहलीला त्यांनी फक्त काय आणायचं नाही, तेवढंच कळवलं. "छत्री नको, ऑफिसची कटकट नको. बाकी सगळं चालेल." एक जण चक्क कॅरम बोर्ड घेऊन आला. काकू हसून बेजार. "भूल माझी आहे, भाई. मी कॅरम वगळलाच नव्हता!" आणि चढताना तो बोर्ड थोडा वेळ त्यांनीही उचलला.

मग मी पहिल्यांदा नियम लिहिले तो दिवस. एखादी फाइल राहून जाईल या भीतीने मी प्रोजेक्टच्या फोल्डरपुढे स्टार टाकला, म्हणजे आत असेल ते सगळं घे. काकू वाचू लागल्या. पुस्तकांची यादी, सभासदांची कार्डं... आणि थांबल्या.

"कॉलेज सोडण्याचा अर्ज," त्या हळूच म्हणाल्या. "हा शाळेला पाठवायचाय?"

माझे कान तापले. जेवणाच्या सुट्टीत टाइप करून मी तो घाईत त्याच फोल्डरमध्ये ठेवला होता.

"नाही."

"मग कॉलेजला?"

बाबा कोयलीच्या रिफायनरीत फिटर आहेत. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. एका विषयात नापास झाले होते, आणि वर्गातल्या बाकीच्यांना सगळं आधीपासूनच येतं, असं वाटायचं.

"मला नाही जमत, काकू. गणितात नापास झालेय."

"तारीख घातलीस?"

"नाही."

"मग अजून अर्ज झालाच नाही. चाल ने, तो पेपर आण."

तेव्हापासून रोज चहाच्या वेळी त्या माझ्याकडून गणितं सोडवून घेऊ लागल्या. चूक सापडली की "मळी गई!" म्हणून ओरडायच्या, हरवलेली मांजर सापडावी तशा. त्या दिवशी तो अर्ज मी पॅकेजमधून वगळला होता. महिन्याभराने फोल्डरमधूनही काढून टाकला.

काकू आता निवृत्त होऊन लेकीकडे नागपूरला गेल्या आहेत. त्यांच्या टेबलावर आता प्रिंटर बसलाय.

परवा शेवटच्या वर्षाचं गुणपत्रक हातात आलं. पास! घरी दाखवलं आणि लगेच काकूंना फोटो पाठवला. मिनिटभरात त्यांचा फोन.

"शाबास! आणि मागची बाजू?"

"मागे कोरं आहे, काकू."

"तरी पाठव ने."

मी कागद उलटा केला, नीट सरळ धरला, आणि कोऱ्या बाजूचाही फोटो काढून पाठवला.